कापसाच्या मुलखातला करार
(जिल्हा मेळाव्यात झालेले भाषण)



भावाचे बोलणे पुढच्या वक्त्यांवर सोपवतो. आज आम्ही बांगलादेशातल्या चितगाव पहाडाची हकिकत सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, कपाशीवाल्यांना त्याचे काय? तर मोगलांच्या वेळी त्या मुलखाचे नावच कापूस महाल होते. डोंगरातले लोक कापसातच खंडणी भरत, ती पुढे कंपनी सरकारनेही घेतली. चाकमा, मारमा, त्रिपुरा अशा अकरा जमाती तिथे राहतात. झूम शेती करतात. झाडोरा तोडायचा, जाळायचा, अन् एकाच खड्ड्यात धान, कापूस, तीळ टाकायचे. दोन-चार वर्षे जमीन पडीक ठेवून मग पुन्हा तिथे यायचे. अशा जमिनीचा सातबारा कुठून असणार? वहिवाट हाच उतारा.

पाकिस्तानच्या राजवटीत 1962 साली काप्ताईचे धरण पुरे झाले. 54 हजार एकर पिकती जमीन बुडाली. पहाडातल्या चांगल्या जमिनीचा तो 40 टक्के हिस्सा. लाखभर माणसे उठली, कितीतरी चाकमा कुटुंबे आपल्या देशात आली. राजाचा वाडाही पाण्याखाली गेला, मग गरिबाच्या झोपडीचे काय सांगावे!

बांगलादेश झाल्यावर मानवेंद्र नारायण लारमा यांनी 1972 साली जनसंहती समिती काढली. मागणी स्वायत्ततेची होती. ती झिडकारली गेली आणि शांतिवाहिनीने बंदुका उचलल्या. 1979 पासून सरकारने मैदानातले लाखो बंगाली भूमिहीन आणून वसवले. कुटुंबाला पाच एकरापर्यंत जमीन देऊ, असे सांगून. ही माणसेही आपल्यासारखीच गरजू, हे विसरू नका. पण त्यांच्या हाती जो कागद दिला, त्यातली जमीन पुष्कळदा दुसऱ्याच्या वहिवाटीची होती. गरिबाला गरिबाच्या अंगावर घालायची ही रीत जुनीच आहे.

वीसेक वर्षे लढाई चालली. गावे जळाली, हजारो लोक त्रिपुरातल्या छावण्यांत आले. अखेर 2 डिसेंबर 1997 रोजी ढाक्यात करार झाला. समितीच्या वतीने ज्योतिरिंद्र बोधिप्रिय लारमा, म्हणजे संतू लारमा यांनी सही केली. 1998 च्या फेब्रुवारीत हत्यारे खाली ठेवली गेली.

करारात काय मिळाले? तीन जिल्हा परिषदांना जादा अधिकार मिळाले, त्यांच्यावर एक प्रादेशिक परिषद आली, तिचा अध्यक्ष पहाडीच असावा असे ठरले. लष्कराच्या तात्पुरत्या छावण्या उठवायच्या होत्या. आम्हाला मोलाचे वाटते ते जमिनीचे कलम. जिल्हा परिषदेच्या आगाऊ परवानगीशिवाय जमीन पट्ट्याने देता येणार नाही, विकता येणार नाही, सरकारलाही संपादित करता येणार नाही. आणि तंटे सोडवायला निवृत्त न्यायाधीशाचा आयोग, तोही तिथल्या रिवाजाप्रमाणे निकाल देणारा. वहिवाटीला कागदाच्या बरोबरीने बसवले! असे कलम मिळवायला आपल्याला किती मोर्चे काढावे लागतील?

आता खोट कुठे राहिली ते ऐका. करारात मुदतच घातली नाही. आयोगाचा कायदा 2001 साली झाला, त्यात एकमत नसेल तर अध्यक्ष म्हणेल तोच निर्णय, अशी मेख होती. ती काढायला 2016 साल उजाडले. वीस हजारांवर अर्ज पडलेले, आणि करारानंतरच्या पहिल्या वीस वर्षांत एकही तंटा निकाली निघाला नाही. जिल्हा परिषदांची निवडणूक 1989 साली झाली, त्यानंतरची कितीतरी वर्षे वरून नेमलेल्या माणसांनीच कारभार पाहिला. पहाडी तरुणांतला एक गट तर 1998 मध्येच करार अपुरा म्हणून वेगळा झाला, आणि भाऊ भावावर उठला. हत्यारे टाकणाऱ्यांनी आपला शब्द पाळला, सरकारने मात्र आपला हप्ता थकवला, असे आम्ही म्हणतो.

एक गोष्ट राहिली. परिषदेच्या परवानगीच्या कलमातून काप्ताई प्रकल्पाची जमीन वगळली आहे. मात्र उन्हाळ्यात तलावाचे पाणी ओसरले की काठची जमीन उघडी पडते, तिच्यात लोक धान लावतात. ती जमीन आधी मूळ मालकांना द्यावी, असेही करारात लिहिले आहे. पाणी केव्हा सोडायचे अन् केव्हा चढवायचे, हे मात्र धरणवाले ठरवतात.