मास्क आपला, सिलिंडर भाड्याचा

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगची आता नवलाई राहिलेली नाही. दर हिवाळ्यात कितीतरी पर्यटक सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात बुडी मारून येतात. बहुतेकांची हौस त्या एका बुडीत भागते. काहींना मात्र पाण्याखालच्या जगाची ओढ लागते. ते रीतसर प्रशिक्षण घेतात, १८ मीटर खोलीपर्यंत जाण्याचं प्रमाणपत्र मिळवतात, आणि मग प्रश्न येतो तो साहित्याचा. मीही त्यांच्यातलाच एक. पगारदार माणूस, वर्षातून दोन-तीनदा सुटी काढून मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला जाणारा. माझ्यासारख्या बेताच्या खिशाच्या माणसांसाठी आज चार गोष्टी सांगणार आहे.

पहिली गोष्ट, सगळा संच एकदम घेण्याच्या फंदात पडू नये. श्वास घेण्याचा रेग्युलेटर, बीसीडी म्हणजे हवा भरायचं जाकीट आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर, एवढंच नवं घ्यायचं म्हटलं तरी खर्च लाखाच्या घरात जातो. सिलिंडर तर विकत घेऊच नये. तो जड असतो, भरायला कॉम्प्रेसर लागतो, शिवाय त्याची ठराविक काळानं तपासणी करावी लागते. डाइव्ह सेंटरवर तो मिळतोच.

मग पैसा आधी कुठे घालायचा? माझा नियम सोपा आहे : जे आपल्याच अंगाला नेमकं बसायला हवं, ते आधी घ्यायचं. म्हणून पहिली खरेदी मास्कची. पोहण्याचा चष्मा इथे चालत नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, चष्म्यातली हवा आक्रसते आणि डोळे ओढले जातात. मास्कमध्ये नाक आत असतं, त्यामुळे नाकातून थोडी हवा सोडून दाब सारखा करता येतो. हल्ली ऑनलाइन मिळणारे संपूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्कलिंगचे मास्क फक्त पृष्ठभागावर तरंगण्यासाठी आहेत. ते घालून खोल जाऊ नये.

मास्क निवडताना किमतीआधी चेहरा बघावा. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलकेच श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क जागच्या जागी राहिला, तर तो तुमचा. भरघोस मिशीवाल्यांनी ही परीक्षा दोनदा घ्यावी, कारण पाणी मिशीच्या वाटेनं आत शिरतं. काच टेम्पर्ड आणि कडा सिलिकॉनची असावी. चष्मा लागणाऱ्यांना नंबरच्या काचा बसवता येतील असे मास्क मिळतात.

दुसरी खरेदी फिन्सची. आपल्याकडच्या उबदार समुद्रात पूर्ण पाऊल आत जाणारे साधे फिन्स पुरतात. टाचेला पट्टा असलेले घेतले की वेगळे बूट आलेच. बोटीवर चढता-उतरताना बूट सोयीचे पडतात, पण खर्च वाढतो. वेटसूट तीन मिलिमीटर जाडीचा पुरे. पाणी कोमट वाटलं तरी ते अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून घेतं, तेव्हा सूट अजिबात नकोच असं म्हणू नये. फिन्स आणि वेटसूट जुने मिळाले तरी खुशाल घ्यावेत.

तिसरी खरेदी अगदी स्वस्त, आणि नेमकी तीच लोक विसरतात. एक शिट्टी, दोरी कापायचं छोटं हत्यार आणि वर येताना पृष्ठभागावर सोडायचा रंगीत फुगा. आपल्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या आणि पर्यटकांच्या बोटींची वर्दळ असते, खडकांत तुटकी जाळी अडकलेली असतात. जाळ्यात पाय गुंतला, तर महागडं जाकीट काय कामाचं? फुगा सोडायला मात्र प्रशिक्षकाकडूनच शिकावं.

यानंतर पैसे साठले, तर मोठ्या वस्तूंत आधी डाइव्ह कॉम्प्युटर घ्यावा. किती खोलीवर किती वेळ थांबता येईल हे तो सांगतो आणि फार वेगानं वर येत असलात तर बजावतो. प्रत्येकाच्या बुडीचा हिशेब वेगळा असतो, म्हणून तो जोडीदारात वाटून वापरता येत नाही. रेग्युलेटर सर्वांत शेवटी. वर्षाला पाच-दहा बुड्या मारणाऱ्याला तो परवडत नाही, कारण वापरला न वापरला तरी त्याची वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करावी लागते. सर्व्हिसिंगची नोंद नसलेला जुना रेग्युलेटर कोणी निम्म्या किमतीत देऊ केला, तरी नको म्हणावं. स्वस्तात मिळाला म्हणून तो घ्यायचा आणि मग त्याच्यासाठी बाकीचा संच जमवायचा, म्हणजे नालेसाठी घोडा घेण्यातला प्रकार.

घेतलेलं साहित्य टिकवणं हीसुद्धा बचतच. प्रत्येक बुडीनंतर ते गोड्या पाण्यात धुवावं आणि सावलीत वाळवावं. मीठ आणि ऊन हे रबराचे वैरी.

राहता राहिलं भाड्याचं साहित्य. भाड्याचं म्हणून ते न तपासता अंगावर चढवू नये. बोटीवरच रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास घ्या आणि त्या वेळी नजर दाबमापकावर ठेवा. काटा २०० बारच्या आसपास असावा आणि श्वासागणिक हलता कामा नये. हवेला तेलाचा वास नको. जाकीट फुगवून पाहा, ते हवा धरतं ना? आपला जादा रेग्युलेटरही तोंडाला लावून बघा, कारण जोडीदाराची हवा संपली तर तो त्याच्यासाठी आहे. जराही शंका आली, तर सरळ म्हणा, "दादा, हा बदलून द्या." बोट खोळंबली, बाकीच्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, तरी संकोच करू नका. बदली साहित्य नसेल, तर त्या दिवशीची बुडी सोडा. बुडीचे पैसे पुन्हा मिळवता येतात.