अग्निबाण, नोदन आणि रेटा : विज्ञानकथेतील एका संज्ञेचा प्रवास
(उज्जैन येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विज्ञानकथेत यान असते, ते दूर जाते; पण ते कशाच्या बळावर जाते? या बळाला प्रत्येक भाषेने नाव दिले आहे. मराठीने दिलेल्या नावांविषयी आज बोलणार आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण प्रश्न साहित्याचा आहे. नवी कल्पना आपल्या भाषेत मांडताना शब्द कुठून आणायचा, हा तो प्रश्न.

मराठी विज्ञानकथेची सुरुवात साधारणपणे १९०० सालापासून मानतात. कृ. ना. आठल्ये यांनी केरळात सुरू केलेल्या ‘केरळकोकिळ’ मासिकात त्या वर्षी ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद क्रमशः येऊ लागला. महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या मासिकाने मराठी वाचकाला चंद्राच्या वाटेला लावले, याचा आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांना आनंद वाटायला हरकत नाही. मूळ कादंबरी १८६५ ची. तीत माणसे चंद्राकडे जातात ती नऊशे फूट लांबीच्या तोफेतून, गोळ्यात बसून. प्रत्यक्षात एवढ्या अंतरात तेवढा वेग गाठायचा, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक दाब येईल. एकाच धक्क्यात सगळे बळ द्यायचे, ही त्या कल्पनेची मर्यादा होती.

पुढे मराठीत ‘रॉकेट’साठी ‘अग्निबाण’ हा शब्द रूढ झाला. शालेय पुस्तके, वृत्तपत्रे, मुलांच्या अवकाशकथा या सगळ्यांत तो आढळतो. त्याच्या मागे दोन परंपरा आहेत. एक पुराणांतली, मंतरलेल्या अस्त्रांची. दुसरी इतिहासातली. अठराव्या शतकात दारू भरलेली नळी बांबूला बांधून शत्रूवर सोडत. मराठी कागदपत्रांत तिचे नाव ‘बाण’ असेच आहे. म्हैसूरच्या हैदर आणि टिपूच्या सैन्याने लोखंडी नळीचे बाण वापरले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांचे नमुने इंग्लंडला गेले आणि त्यांवरून विल्यम काँग्रीव्हने आपली रॉकेटे बनवली. दिवाळीत आपण बाटलीत उभा करून उडवतो तोही ‘बाण’च. म्हणजे ‘बाण’ हा शब्द आपल्याकडे आधीच होता, आणि बरोबर अर्थाने होता.

मात्र या दोन परंपरांत एक मोठा फरक आहे. पुराणातल्या अग्निबाणाची आग पुढे असते. ती लक्ष्याला जाळते. रॉकेटची आग मागे असते. ती बाणालाच ढकलते. शब्द तोच राहिला आणि आगीची जागा बदलली. मी इथे ज्यांना शिकवतो त्यांचे शिक्षण बहुधा हिंदीतून झालेले असते. त्यांच्यापुढे ‘अग्निबाण’ म्हटले की दूरदर्शनवरच्या रामायणातले अस्त्र उभे राहते, नाहीतर इंदूरचे त्या नावाचे सायंदैनिक आठवते. यान मात्र कुणालाच आठवत नाही. घरातल्या मराठीत जो शब्द नळीतल्या दारूपासून आला, तो शाळेतल्या हिंदीत पुन्हा पुराणात जाऊन बसतो. सीमेवरच्या आणि सीमेबाहेरच्या मराठीची ही रोजची अडचण आहे.

आता शासकीय संज्ञा पाहू. इस्रोचे तिरुवनंतपुरमला जे केंद्र आहे, त्याचे हिंदी नाव ‘द्रव नोदन प्रणाली केंद्र’. ‘नोदन’ म्हणजे ढकलणे. शब्द कृत्रिम वाटतो, पण तो कणादाच्या वैशेषिक दर्शनात आहे आणि तिथे उदाहरणही बाणाचेच आहे. बाणाची पहिली गती प्रत्यंचेच्या नोदनाने होते आणि पुढची त्या गतीतून उपजलेल्या संस्काराने, असे तिथले प्रतिपादन आहे. म्हणजे नोदन एकदाच, सुटण्याच्या क्षणी. व्हर्नच्या तोफेचेही तेच. रॉकेट वेगळे आहे ते इथेच. ते आपले इंधन आणि ते जाळणारा प्राणवायू बरोबर नेते, जळालेले वायू मागे फेकते आणि फेकत राहते तोवर त्याला ढकल मिळत राहते. ‘अग्निबाण’ हा शब्द नेमके हेच सांगतो. धनुष्य सोबत घेऊन निघालेला हा बाण आहे.

इंग्रजी विज्ञानकथेने काय केले? ‘ड्राइव्ह’ हा गाडी हाकण्याचा, यंत्र चालवण्याचा साधा शब्द घेतला आणि त्याला उपसर्ग जोडले. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ चित्रपटात ‘हायपरड्राइव्ह’ आहे. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेने ‘वॉर्प’ घरोघरी नेला. १९९४ मध्ये मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन भौतिकशास्त्रज्ञाने सापेक्षतावादावरच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘वॉर्प ड्राइव्ह’ वापरला. कथेतला शब्द शास्त्रात गेला.

आपल्याकडे याच्या उलट दिशेचे उदाहरण आहे. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली आणि तिला बक्षीस मिळाले. कथेचे नाव ‘कृष्णविवर’. शास्त्रातली संज्ञा कथेच्या मथळ्यावर आली आणि सामान्य वाचकाच्या तोंडी बसायला तिला मदत झाली. ‘नोदन’ला अशी कथा मिळाली नाही, म्हणून तो पाटीवरच राहिला.

लिहिणाऱ्या मित्रांना माझे सांगणे एवढेच, की पारिभाषिक शब्द पात्राच्या तोंडी घालून पाहा. यान कोसळत असताना कोणी ‘नोदन वाढवा’ असे ओरडेल का? ‘रेटा वाढव’ असे मात्र ओरडेल. गाडा चिखलात रुतला की आपण रेटा देतो, आणि चळवळीमागेही लोकांचा रेटा असतो. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर क्षणात जायचे असेल तर ‘झेप’ आहे. अवकाशच दुमडायचे असेल तर धोतराला आणि लुगड्याला पडणारी ‘चुणी’ आहे. ‘रॉकेट’ आता मराठीच झाला आहे. त्याला हाकलण्याचे कारण नाही. पण उसना शब्द वस्तूचे नाव देतो आणि आपला शब्द ती कशी चालते हेही सांगतो. कथेला बहुतेक वेळा दुसऱ्याची गरज असते.

३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुल कॉसमॉस या कंपनीने श्रीहरिकोट्याहून एका रॉकेटची चाचणी केली. त्याचे इंजिन त्रिमितीय छपाईने घडवलेले, इंधन केरोसीनसारखे आणि जोडीला द्रवरूप प्राणवायू. त्या रॉकेटचे नाव ‘अग्निबाण’. तमिळ प्रदेशातल्या तरुण अभियंत्यांना हा शब्द जुनाट वाटला नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी तो आपल्या कथांत पुन्हा वापरावा, आणि वापरताना आग मागे आहे हे वाचकाला दिसेल असे लिहावे.