जांबवंताचे काम

(चिंचवड येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



किष्किंधाकांडाच्या अखेरीचा प्रसंग आपणा सर्वांना परिचित आहे. समोर शंभर योजने समुद्र पसरलेला आहे. प्रत्येक वानरवीर आपली उडी कुठवर जाईल ते सांगतो आहे. कोणी दहा योजने म्हणतो, कोणी वीस, कोणी तीस. वृद्ध जांबवंत नव्वदपर्यंत येतो. अंगद शंभर योजने जाईन म्हणतो, पण परतण्याची खात्री त्याला नाही. आणि ज्याच्या अंगी ते सामर्थ्य आहे तो हनुमंत एका बाजूला मूकपणे बसला आहे. जांबवंत त्याच्याशी बोलू लागतो आणि पुढचे रामायण घडते.

हनुमंताची उपासना आपण करतोच. आज जांबवंताविषयी बोलू. त्याने तीन गोष्टी केल्या. मोघम स्तुती न करता हनुमंताच्या जन्माचे, बाळपणी सूर्याकडे घेतलेल्या झेपेचे दाखले दिले. हे सर्व त्याने साऱ्या सेनेसमक्ष सांगितले. आणि हनुमंत सिद्ध झाला तेव्हा, तू परत येईपर्यंत आम्ही एका पायावर उभे राहू, असा शब्द दिला. दुसऱ्याचे सामर्थ्य ओळखण्यास दृष्टी लागते. ते बोलून दाखविण्यास धैर्य लागते, कारण बोलणारा त्या क्षणी स्वतःही बांधला जातो.

पिंपरी, भोसरी, चाकण या पट्ट्यात आपण राहतो. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून येथे रोज तरुण येतात. आयटीआय करून कुणी ट्रेनी म्हणून लागतो, कुणी कंत्राटी कामगार म्हणून. अशा एखाद्या मुलाला मशीनच्या आवाजावरून टूल झिजल्याचे कळते. सुपरवायझरच्या ते लक्षात येते. रात्री घरी जेवताना तो म्हणतोही, ‘पोरगा फार हुशार आहे.’ पण हे वाक्य त्या पोराच्या कानी कधीच पडत नाही, आणि साहेबांच्या मीटिंगमध्येही कोणी ते उच्चारत नाही. कंत्राट संपते. आपण सामान्य आहोत असे मानून मुलगा दुसऱ्या गेटवर जाऊन उभा राहतो. यात कोणी अन्याय केला असे म्हणता येणार नाही. पण एक शब्द बोलायचा राहिला, आणि त्याची किंमत त्या मुलाने दिली.

शब्दाची शक्ती किती असते, हे उलट्या बाजूनेही पाहावे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. परंतु पारधी समाजातील मुलाला वस्तीबाहेर पाऊल टाकताच चोर म्हणून हाक ऐकू येण्याचे थांबले नाही. ज्या हातांना फासे विणण्याचे कौशल्य आणि ज्या डोळ्यांना रानातला माग काढण्याचे ज्ञान होते, त्यांच्याविषयी समाजाने एकच शब्द वापरला.

त्या शब्दाला उत्तर देणारा दुसरा शब्द उच्चारण्याचे काम गिरीश प्रभुणे यांनी केले. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा प्रकल्प १९९३ साली उभा राहिला आणि २००६ साली आपल्या याच चिंचवडमध्ये पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् सुरू झाले. तेथे भटक्या-विमुक्तांची मुले शालेय अभ्यासाबरोबर हस्तकौशल्ये शिकतात. तुमच्या परंपरेत ज्ञान आहे, असे त्या मुलांना सांगितले जाते. असे सांगायचे तर त्यांच्या निवासाची, जेवणाची, शिक्षणाची चिंता वाहावी लागते. एका पायावर उभे राहणे ते हेच. प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

शब्दाला विलंब झाला तर काय होते? मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्याचे सुपुत्र. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. उपचारांबरोबर ते पोहू लागले. विजय मर्चंट यांच्यासारखा क्रिकेटपटू त्यांच्या मदतीस उभा राहिला. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पेटकरांनी ५० मीटर पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. राष्ट्राने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. त्यांनी तेवढी वर्षे धीर धरला. पण प्रत्येक गुणवंत पेटकर नसतो. मधल्या काळात ज्यांनी उमेद सोडली, त्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत.

मग आपण गप्प का बसतो? पोर डोक्यावर चढेल, असे वडिलांना वाटते. हाताखालचा पुढे जाईल, अशी भीती साहेबाला वाटते. सुनेचे कौतुक शेजारणीजवळ होते, सुनेजवळ होत नाही. आणि सर्वांत खोलवरचे कारण असे की, ‘तुला हे जमेल’ म्हटले की तो उद्या दारात येऊन विचारील, ‘मग मी काय करू? मला मदत कराल?’ त्या प्रश्नाला आपण भितो.

शाखेत दहा-बारा वर्षांच्या मुलाला गटनायक केले जाते, तेव्हा त्याची परीक्षा आधी घेतलेली नसते. विश्वास आधी दिला जातो, मुलगा त्या विश्वासाएवढा होतो. ही रीत संघस्थानापुरती का राहावी? ती घरात, शॉपमध्ये, सोसायटीत यावयास हवी.

म्हणून एक आग्रह. या आठवड्यात प्रत्येकाने एक माणूस निवडावा. तो आपल्या जातीचा, नात्याचा नसला तर अधिक बरे. त्याच्यात काय दिसले ते नेमक्या दाखल्यासह, त्याच्या तोंडावर आणि जमल्यास चार जणांसमक्ष सांगावे. आणि त्यासाठी आपण काय करू तेही तेथेच सांगावे. फॉर्म आणून देऊ, फी भरू, साहेबांकडे शब्द टाकू, रविवारी गणित शिकवू. जे झेपेल तेवढेच बोलावे, पण बोललेले पाळावे.

हनुमंत आपल्या आसपास आहेत. त्यांच्याशी बोलणारा कोणी हवा आहे.