जबलपूरच्या घरातला समुद्र

मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग 1870 च्या मार्च महिन्यात जबलपूरला एकमेकांना मिळाले आणि ही दोन बंदरे आगगाडीने जोडली गेली. गंमत अशी की, दोन बंदरांची गाठ घालून देणारे हे गाव स्वतः मात्र कोणत्याही समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. नर्मदा त्याच्या उशाशी वाहते, संगमरवराचे कडे आहेत, धुवाँधार आहे. पण भरती-ओहोटी हे शब्द येथल्या मुलाला भूगोलाच्या पुस्तकातच भेटतात. अशा गावात एखाद्या गृहस्थाने दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी मांडून, तीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारा क्लाउनफिश सोडण्याचा संकल्प केला, म्हणजे त्याच्यापुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो. प्रोटीन स्किमर नावाचे एक यंत्र मिळते. त्याची किंमत कित्येकदा काचेच्या टाकीहून अधिक. ते घ्यावे की न घ्यावे? दुकानदार म्हणतो, त्याच्यावाचून गत्यंतर नाही. शेजारचा अनुभवी शौकीन म्हणतो, त्याच्याकडे ते कधीच नव्हते आणि त्याचे मासे खुशाल आहेत. दोघेही खोटे बोलत नसतात, ही यातली खरी अडचण आहे.

हे यंत्र करते काय, हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. जबलपूरहून इटारसीकडे जाताना नरसिंहपूर जिल्ह्यात करेली लागते. तेथला गूळ प्रसिद्ध आहे. गुऱ्हाळात कढईतला रस तापू लागला की मळी फेसाबरोबर वर येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. मळी काढली नाही तर गूळ काळा पडतो. प्रोटीन स्किमर हा खाऱ्या पाण्याचा गुळव्या होय. फरक इतकाच की तेथे काम उष्णतेने होते, येथे हवेच्या बारीक बुडबुड्यांनी.

माशांची विष्ठा, अंगावरची बुळबुळ, न खाल्लेले अन्न यांतून जे सेंद्रिय पदार्थ पाण्यात उतरतात, त्यांतल्या पुष्कळशा कणांचा स्वभाव साबणासारखा दुटप्पी असतो. त्यांचे एक टोक पाण्याशी सलगी करते, दुसरे पाण्यापासून दूर पळू पाहते. बुडबुडा म्हणजे पाण्यातले हवेचे घर. तेव्हा पळू पाहणारे टोक त्या घरात शिरते आणि कण बुडबुड्याच्या कडेला चिकटून बसतो. उभ्या नळीत असे असंख्य बुडबुडे सोडले की ते आपापले ओझे घेऊन वर चढतात, नळीच्या अरुंद गळ्यात त्यांचा दाट फेस होतो आणि तो वरच्या पेल्यात सांडतो. चहाच्या रंगाचा आणि दुर्गंधी असा तो द्रव एकदा पाहिला, म्हणजे तो टाकीतच राहिला असता तर काय झाले असते, हे सांगावे लागत नाही.

येथे एक शंका साहजिक आहे. मग गोड्या पाण्याच्या टाकीला हे यंत्र का लावीत नाहीत? भेडाघाटला धुवाँधारच्या पायथ्याशी उभे राहिलेल्यांनी पाहिले असेल: इतके पाणी आदळते, इतका पांढरा फेस उसळतो, आणि चार पावलांवर तो विरून जातो. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून चटकन मोठे होतात आणि फुटतात. खाऱ्या पाण्यात विरघळलेले क्षार त्यांना असे मिसळू देत नाहीत. ते लहानच राहतात, आणि लहान बुडबुड्यांचा एकूण पृष्ठभाग मोठा असतो. कोकणच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर येऊन वाळूवर रेंगाळणारा पिवळसर फेस, हे याच क्रियेचे निसर्गातले रूप आहे. समुद्र स्वतःची मळी स्वतःच काढीत असतो.

काढली नाही तर काय होते? सेंद्रिय पदार्थ कुजतात व त्यांतून अमोनिया निघतो. तो माशांना विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण ते साचत जाते. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, एकदा अमोनिया किंवा नायट्रेट झाले की स्किमर त्याला हात लावू शकत नाही. हे यंत्र कुजण्याच्या आधीचे आहे, नंतरचे नव्हे. टाकीचे पाणी बिघडल्यावर धावत जाऊन स्किमर आणणाऱ्यांचा येथेच भ्रमनिरास होतो.

आणि आधीचे कामही ते सगळे करीत नाही. पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 च्या सुमारास निरनिराळ्या स्किमरांची मोजमापे प्रसिद्ध केली. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनापैकी सुमारे पाचवा ते तिसरा हिस्साच ही यंत्रे काढू शकतात, असे त्यांतून दिसले. उरलेले फेसाला दाद देत नाही. जाहिरातींच्या भाषेपुढे हा आकडा फारच नम्र आहे.

तेव्हा यंत्रावाचून चालविणारे लोक वेडे नव्हते. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने 1854 मध्ये काचेच्या टाकीवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याची मदार समुद्रवनस्पतींवर होती. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली ‘नैसर्गिक पद्धत’ लोकांपुढे मांडली: समुद्रातून आणलेले, जिवाणू आणि बारीक जीवांनी भरलेले सच्छिद्र खडक आणि हवेचे थोडे बुडबुडे, बस्स. पुढे बर्लिनच्या शौकिनांनी हेच जिवंत खडक आणि जोरकस स्किमर यांची जोडी जमविली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर ॲडी यांनी उलट शेवाळाच्या गालिच्यावर पाणी खेळवून ते स्वच्छ ठेवले. मार्ग अनेक आहेत.

पण ली चिन एंग यांच्या अंगणाजवळ समुद्र होता. पाणी बिघडले तर नवे आणता येत होते, खडकही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये उघडले ते मरीन ड्राइव्हवर, लाटांच्या समोर. जबलपूरकराला समुद्र बादलीत कालवावा लागतो. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार, आणि तेही स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षार योग्य प्रमाणात असलेले खास मिश्रण. शिवाय नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवावे लागते ते वेगळेच.

खडकांची वाट तर कायद्यानेच बंद आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत 2001 मध्ये खडक बांधणारी प्रवाळे आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रवाळाचा तुकडा, जिवंत असो वा मेलेला, तोडून आणणे हा गुन्हा आहे. ‘ओळखीच्या माणसाकडून’ असा खडक मिळतो म्हणून स्किमरचे पैसे वाचले, असे कोणी सांगू लागला, तर त्याने पैसे वाचविले नाहीत, समुद्राच्या खात्यावर टाकले, असेच म्हणावे लागेल. कृत्रिम सच्छिद्र दगडांवर जिवाणू वाढविता येतात. त्याला काही आठवडे लागतात, आणि धीर हा कोणत्याच दुकानात मिळत नाही.

आता हिशेब. 200 लिटरची टाकी, दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलायचे. म्हणजे 20 लिटर, 700 ग्रॅम क्षार. वर्षाकाठी 36 किलोच्या वर. एवढे करून साधते काय? समजा, आठवड्याला लिटरमागे 10 मिलिग्रॅम नायट्रेट वाढते. दहावा हिस्सा बदलत राहिल्यास ते चढत चढत 100 मिलिग्रॅमपाशी जाऊन थांबेल. चौथा हिस्सा बदलला तर 40 पाशी. पण मग क्षारांचा खर्च अडीचपट. स्किमरने आठवड्याची वाढ 10 वरून 7 वर आणली, तर दहाव्या हिश्श्यातच 100 ऐवजी 70. चमत्कार नव्हे, पण क्षार ज्याला तोलून विकत घ्यावे लागतात त्याला हा फरक कळतो. पन्नास-साठ लिटरची टाकी आणि दोन लहान मासे असतील, तर मात्र बादली हाच उत्तम स्किमर; यंत्राचा खर्च तेथे व्यर्थ आहे. टाकी मोठी, मासे अधिक आणि घरातल्या मुलांचा हात खाऊ घालण्यात सढळ असेल, तर जबलपूरमध्ये यंत्र घेणेच शहाणपणाचे.

यंत्राचा दुसरा गुण दुकानदार क्वचितच सांगतो. खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.2 मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात सुमारे 6.7, आणि पाणी तापले की दोन्ही आकडे उतरतात. मे महिन्यातल्या जबलपूरच्या रात्री खोलीतले पाणी सहज 30 च्या वर जाते. स्किमरमध्ये हवा आणि पाणी घुसळले जात असल्याने तो टाकीला श्वासही पुरवितो. तथापि वीज गेली की हा श्वास तुटतो. म्हणून ज्याला एकच वस्तू परवडत असेल, त्याने आधी बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप घ्यावा, मग स्किमरचा विचार करावा. मळी दोन दिवस राहिली तर मासे मरत नाहीत. उन्हाळ्याच्या एका रात्री हवा न मिळाल्यास मरतात.

नव्या यंत्राने पहिले काही दिवस फेस नीट धरला नाही म्हणून ते परत करायला धावू नये. आतल्या पृष्ठभागांना पाण्याची सवय व्हावी लागते. पेला भरण्याची वाट न पाहता तो दोन-तीन दिवसांनी धुवावा आणि गळ्याला बसलेला तेलकट थर बोटाने पुसून काढावा, कारण त्या थरावर फेस कोसळतो. उन्हाने उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने घालावी, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. पेल्यातून जे जाते त्यात मात्र क्षारही जातात. त्याची भर खाऱ्या पाण्यानेच.