नोंदवहीतला पूर्वज, ओट्यावरचा पूर्वज

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांची परिषद राजोडीत भरत असताना अध्यक्षीय भाषणासाठी एखादा राजा, किल्ला किंवा लढाई न निवडता सामान्य घरातल्या पणजोबा-पणजीचा शोध हा विषय घेतला आहे, त्याचे कारण वसईच्या याच किनाऱ्यावर सापडते. जवळच्या सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उत्खनन करून उजेडात आणला, चौल आणि वसईच्या अवशेषांवर जेर्सन द कुन्हा यांनी १८७६ मध्येच ग्रंथ लिहिला, आणि वसईच्या वेढ्यावर तर आजवर विपुल लिहिले गेले. परंतु याच पट्ट्यात पानवेली चढवणारा, राजेळी केळी वाळवून सुकेळी करणारा किंवा होडी घेऊन समुद्रात जाणारा माणूस कोण होता, कोणाचा होता आणि कशाने गेला, हे विचारले की ग्रंथ गप्प होतात, आणि मग उरतात ती तलाठ्याच्या दप्तरातली, चर्चच्या कपाटातली आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातली तुटक वाक्ये.

पूर्वजशोधात कागद आणि आठवण असे दोन साक्षीदार असतात, आणि कागद खरा व आठवण भाबडी, अशी वाटणी अभ्यासक बहुधा आधीच करून बसलेला असतो. प्रस्तुत भाषणाचे म्हणणे याहून वेगळे आहे. कोणतीही सरकारी किंवा धार्मिक नोंद पूर्वजासाठी केलेली नसते, ती सारा वसूल करणाऱ्यासाठी, संस्कार देणाऱ्यासाठी किंवा साथ मोजणाऱ्यासाठी केलेली असते; आठवणही पूर्वजासाठी जपलेली नसते, ती मागे राहिलेल्यांच्या गरजेपुरती, अभिमानापुरती आणि पुष्कळदा भांडणापुरती जपलेली असते. म्हणून दोहोंत विसंगती दिसली की एकाला खोटे ठरवण्याची घाई न करता, ही विसंगती कोणाच्या सोयीने निर्माण झाली हे पाहावे लागते.

वसईच्या ख्रिस्ती घराण्यांपुरते बोलायचे तर सर्वांत भरघोस साधन म्हणजे स्नानसंस्काराची, म्हणजेच बाप्तिस्म्याची नोंदवही होय. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढे ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या अधिकारक्षेत्रात, विवाहाची वही ठेवलीच पाहिजे असा दंडक घातला आणि स्नानसंस्काराच्या नोंदीलाही नियमाचे बळ आले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला घेतल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली, तरी ख्रिस्ती वस्ती आणि तिचे संस्कार चालूच राहिले. अशा नोंदीत बाळाचे नाव, तारीख, आईबाप आणि धर्मपिता-धर्ममाता, म्हणजे संस्काराच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारी माणसे, एवढे सगळे एका ओळीत येते. हे शेवटचे दोघे अभ्यासकाकडून सहसा दुर्लक्षित राहतात, पण घराण्याचे खरे सोयरसंबंध त्यांच्याच नावांवरून उलगडतात. एका पिढीत जे धर्मपिता म्हणून दिसतात तेच पुढच्या पिढीच्या विवाहनोंदीत साक्षीदार म्हणून पुन्हा भेटतात.

अडचण आहे ती नावांची. या भागात परेरा, लोपीस, डिमेलो, तुस्कानो ही आडनावे धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याकडून किंवा धर्मगुरूकडून मिळाली असे मानले जाते, आणि त्यामुळे दोन वाड्यांतले दोन परेरा रक्ताचे नातेवाईक असतीलच असे नाही. आडनावाच्या मागे धावणारा शोध येथे हमखास चकतो, तर वाडीत चालणारे घराचे नाव धरणारा शोध पुढे सरकतो. शिवाय कागदावर लॅटिन किंवा पोर्तुगीज वळणाने उतरलेला इग्नासियो ओट्यावर इनास असतो आणि सेबास्तियांव हा बस्त्याव असतो. म्हाताऱ्या बाईला कागदावरचे नाव वाचून दाखवले तर ती ‘असा कोणी नव्हता’ म्हणते, आणि तिच्या दृष्टीने ते खरेच असते.

जमिनीच्या कागदांची गोष्ट निराळी आहे. सातबारा, म्हणजे गाव नमुना सात आणि बारा यांचा एकत्रित उतारा, जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यात काय पिकते हे सांगतो, पण घराण्याचा इतिहास त्याहून अधिक साठलेला असतो तो नमुना सहामध्ये, ज्याला फेरफार म्हणतात. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला आणि त्यानंतर खातेदार वारला की त्याच्या वारसांची नावे फेरफारात चढू लागली. एका फेरफारात मृत्यूची तारीख, मुले, विधवा आणि कधी कधी भावाभावांतला बेबनावही सापडतो. मात्र हा सगळा उजेड खातेदारावर पडतो. दुसऱ्याची जमीन कसणारा पूर्वज ठळकपणे पुढे येतो तो १९४८ च्या कूळकायद्यानंतर, आणि विशेषतः १ एप्रिल १९५७ या कृषिदिनानंतर, जेव्हा कसणाऱ्याने जमीन विकत घेतली असे कायद्याने मानले आणि कलम ३२-ग खाली किंमत ठरवण्यासाठी त्याला तहसील कचेरीत नावानिशी बोलावले गेले. एखाद्या घराण्याचा कागद किती मागे जातो, यावरून त्या घराण्याचे वय कळत नाही, सत्तेशी असलेले अंतर तेवढे कळते. वसईच्या पूर्वेकडील डोंगरपट्टीतल्या वारली किंवा कातकरी कुटुंबाकडे जातपडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो तेव्हा हे अंतर केवळ अभ्यासाचा मुद्दा राहत नाही.

बायकांच्या बाबतीत दोन्ही दप्तरांची तुलना करावी, म्हणजे बरेच काही कळते. चर्चच्या वहीत आईचे नाव येतेच, कारण संस्काराला आई लागते. महसुलाच्या वहीत ते सहसा येत नसे, कारण साऱ्याला आई लागत नसे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि तरीही बहिणीचे नाव अनेकदा कागदावर येते ते हक्कसोडपत्रात, म्हणजे भावांच्या लाभात आपला वाटा सोडल्याचा जो दस्त केला जातो त्यात. तिची महसुली दप्तरातली पहिली नोंद हीच तिची शेवटची नोंद असते. घरात मात्र याच प्रसंगाची आठवण ‘आत्याने कधी काही मागितले नाही’ अशा गोड शब्दांत सांगितली जाते.

मौखिक आठवणीला सन ठाऊक नसतो, पण खुणा पक्क्या ठाऊक असतात. ‘मानमोडीत गेला’ असे कोणी म्हटले की ते १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे वर्ष असते. ‘प्लेगात मुंबई सोडून घरी आला’ म्हटले की १८९६ च्या हिवाळ्यापासूनची काही वर्षे धरावी लागतात, आणि त्या परतीला रेल्वेचा आधार आहे, कारण विरारहून मुंबईला लोकल १८६७ मध्येच सुरू झाली होती. अशी खूण मिळाली की नमुना चौदा, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही, तेवढ्याच वर्षांपुरती चाळता येते. या वहीला लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून धुळीतल्या या वहीला एकाएकी राजकीय तेज आले. तेवढ्यासाठी का होईना, तिची पाने मोजली गेली, हे अभ्यासकांच्या दृष्टीने वाईट झाले नाही.

त्याहून मागे जायचे तर मोडी वाचता आली पाहिजे आणि कालगणनाही बदलून घेता आली पाहिजे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, तर मराठेशाहीच्या कागदांवरील सुहूर सनात सुमारे ५९९ मिळवावे लागतात, म्हणून वसईच्या विजयाच्या काळातले कागद सुहूर ११३९ चे म्हणून ओळखू येतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि पणजीच्या पुराभिलेखात उत्तर कोकणाविषयी मोठा साठा आहे. पण तेथे एका घराचा माणूस नावानिशी भेटेल ही अपेक्षा ठेवून जाऊ नये. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीत या किनाऱ्यावरची कुळे आणि गावे ओळीने येतात, आणि वाडवळ घराण्यांपैकी अनेकांना तेथे आपले मूळ दिसते. ते दिसणे समजण्यासारखे आहे. परंतु बखरीतले कूळ आणि फेरफारातला पणजोबा यांच्यामध्ये कित्येक पिढ्यांची मोकळी जागा आहे, आणि ती कल्पनेने भरून छापलेल्या वंशावळी जितक्या देखण्या असतात तितक्याच निरुपयोगी असतात.

एका नाजूक गोष्टीचा उल्लेख टाळून चालणार नाही. जुन्या स्नानसंस्कार वह्यांत पित्याचे नाव अज्ञात असल्याची नोंद अधूनमधून आढळते, आणि ज्या घरात ती निघते त्या घरात ती कोणाला दाखवावी, हा प्रश्न शोध घेणाऱ्यावर येऊन पडतो. नोंद झाकून ठेवणे हा अभ्यासाशी द्रोह आहे, पण तिची चव्हाट्यावर चर्चा करणे हा त्या आईशी द्रोह आहे. तेव्हा ती कुटुंबाच्या हाती द्यावी आणि प्रसिद्धीचा निर्णय कुटुंबालाच करू द्यावा, हेच या अध्यक्षपदावरून सुचवावेसे वाटते.

वह्यांची छायाचित्रे काढणे आता सोपे झाले आहे, पण म्हाताऱ्या माणसांचे बोलणे तितक्या तत्परतेने टिपले जात नाही, आणि टिपले तरी कादोडी किंवा वाडवळी बोलीतले शब्द प्रमाण मराठीत सोवळे करून लिहिले जातात. बोललेला शब्द बोलला तसाच लिहावा आणि शेजारच्या रकान्यात फेरफाराचा क्रमांक, वहीचे पान व तारीख लिहावी, एवढी साधी दुरकानी वही राजोडीपासून अर्नाळ्यापर्यंतच्या प्रत्येक गावाने सुरू करावी, अशी या परिषदेपुढे विनंती आहे. त्या वहीत आणखी एका गोष्टीला जागा असावी. निरक्षर पूर्वजाच्या नावाखाली जुन्या मराठी दस्तांत लेखक ‘निशाणी’ असे लिहून चिन्ह काढीत असे. शेतकऱ्याची निशाणी नांगराची असे, बाईची बांगडीची असे, आणि पुढे त्यांच्या जागी अंगठा आला. दस्ताचा मजकूर वकिलाचा, अक्षर कारकुनाचे, तारीख सरकारची. त्या पानावर त्या माणसाच्या स्वतःच्या हाताचे असे काही असेल तर ते शाईचे बोट.