पदवी हाती आहे, धंद्याला मन का धजत नाही?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



पोरगा बी.ए. झाला, की घरात एकच प्रश्न : 'आता कुठं चिकटतोस?' 'काय सुरू करतोस?' असं कोणी विचारत नाही. मग भरतीच्या जाहिराती चाळत तो चार वर्षं बसला, की आपणच म्हणतो, पोरांत धमक नाही. हा आरोप मला मान्य नाही.

आइझेन या मानसशास्त्रज्ञानं १९९१ साली सांगितलं, की माणूस एखादी गोष्ट मनावर घेतो ती तीन गोष्टी जोखून. ती आपल्याला बरी वाटते का, जवळची माणसं काय म्हणतील, आणि आपल्याला जमेल का. पदवीधरांना हेच लावून पाहिलं, तेव्हा बऱ्याच ठिकाणी 'जमेल का' जड भरलं आणि लोकांचं म्हणणं हलकं. मुलीचा बाप पहिल्यांदा नोकरी विचारतो त्या आपल्या मुलखात ते हलकं राहील, असं मला वाटत नाही!

अमेरिकेतल्या मॅक्लेलंड यांनी रिंगा फेकण्याचा खेळ लावला. अंतर ज्याचं त्यानं ठरवायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहिले, काही फार लांब. ज्यांना काही करून दाखवायचं होतं ते मधल्या अंतरावर. नेम चुकू शकतो, पण लागला तर आपल्या हातानं. १९६४ मध्ये याच माणसानं आंध्रातल्या काकिनाड्यातल्या छोट्या व्यावसायिकांची शिबिरं सुरू केली. पुढं त्यांनी इतरांपेक्षा जास्त हातपाय हलवले. अर्थात त्यांच्याजवळ दुकान होतं, थोडं भांडवल होतं.

आता आपल्या घरात बघा. कोरडवाहू कपाशीत पोरानं काय पाहिलं? बाप राब राब राबतो, पीक पाऊस ठरवतो, भाव दुसराच ठरवतो. १९७२ पासून कितीतरी वर्षं तर कापूस कोणाला विकायचा हेही सरकारच ठरवत होतं. कष्ट आणि फळ यांची गाठ त्यानं कधी पाहिलीच नाही. त्याला प्रत्येक धंदा जुगार वाटतो, आणि जुगार टाळून तो नोकरी शोधतो. हे शहाणपणच आहे.

बांडुरा म्हणतात, जमेल हा भरवसा सर्वांत जास्त येतो तो स्वतः केलेल्या कामातून. भाषणातून कमी, माझ्याही.

म्हणून यंदा हुरड्यासाठी चार तासं ज्वारी पोराच्या किंवा पोरीच्या नावानं सोडा. गिऱ्हाईक त्यांनी शोधावं, भाव त्यांनी सांगावा, वही त्यांनी लिहावी. उरले ते पैसे त्यांचे. तोटा आला तर तोही त्यांचाच, आणि भाव पाडून मागणारा आला तरी तुम्ही मधे बोलायचं नाही.