अडगळीतील संगणक आणि हलकी लिनक्स



कोणत्याही लहान शाळेच्या, वाचनालयाच्या किंवा सेवाभावी संस्थेच्या कार्यालयात एका कोपऱ्यात कापडाने झाकलेले दोन-चार संगणक हमखास आढळतात. ते मोडलेले असतातच असे नाही. कळ दाबली की ते सुरू होतात. परंतु सुरू होण्यास दहा मिनिटे घेतात आणि एक पत्र टंकलिखित करावयाचे म्हटले तरी धापा टाकतात. मग एके दिवशी निर्णय होतो की, हे आता भंगारात द्यावेत. या निर्णयात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. थकले आहे ते यंत्र, की त्याच्या पाठीवर लादलेले ओझे? आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० या प्रणालीची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तिच्या जागी आलेली विंडोज ११ किमान ४ जीबी स्मृती, टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा प्रक्रियक मागते. याचा अर्थ असा की, उत्तम चालणारे असंख्य संगणक केवळ एका कंपनीच्या वेळापत्रकामुळे निवृत्त ठरले. सुरक्षा-दुरुस्त्या थांबलेली प्रणाली महाजालाशी जोडून वापरणे म्हणजे कुलूप मोडलेल्या घरात राहणे होय. तेव्हा पर्याय दोनच उरतात : नवे यंत्र विकत घेणे किंवा जुन्या यंत्राला पेलेल अशी प्रणाली देणे.

हलकेपणा म्हणजे काय?

लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्‌स याने लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून मुक्त आज्ञावलींची जी चळवळ चालविली होती, तिची साधने या गाभ्याला मिळाली आणि एक संपूर्ण प्रणाली उभी राहिली. तिचा परवाना कोणालाही ती वापरण्याचा, पाहण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत इतरांना देण्याचा अधिकार देतो. जुन्या संगणकांच्या दृष्टीने यातील ‘बदलण्याचा अधिकार’ सर्वांत मोलाचा आहे. जे नको ते काढून टाकता येते, हेच हलकेपणाचे रहस्य आहे.

प्रणाली ही थरांची बनलेली असते. तळाशी गाभा, त्यावर पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवा, त्यावर पडद्याची मांडणी आणि सर्वांत वर आपण वापरतो त्या आज्ञावली. जड मांडणीऐवजी एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई बसविली, अथवा आईसडब्ल्यूएमसारखा केवळ खिडक्या सांभाळणारा व्यवस्थापक ठेवला की, बरीच स्मृती मोकळी होते. ब्लूटूथ किंवा मुद्रक नसेल, तर त्यांच्या सेवा चालू ठेवण्याचे कारण नाही.

असे वेचून-निवडून तयार केलेले लिनक्सचे अनेक संच उपलब्ध आहेत. ऑस्ट्रेलियातील बॅरी काउलर यांनी २००३ साली सुरू केलेली ‘पपी लिनक्स’ सारी प्रणालीच स्मृतीत उचलून घेते. त्यामुळे संथ हार्ड डिस्कची वाट पाहावी लागत नाही. डेबियनवर आधारलेली ‘अँटिएक्स’ ५१२ एमबी स्मृतीच्या यंत्रावरही उभी राहू शकते. २ जीबी किंवा अधिक स्मृती असेल, तर ‘लुबुंटू’चा विचार करता येतो.

रुपांतराची पद्धत

पहिली पायरी यंत्र ओळखण्याची. प्रक्रियक ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा, हे आधी पाहावे. २००६ साली कोअर टू ड्युओ आल्यानंतरचे बहुतेक मेजावरील संगणक ६४ बिटांचे आहेत; त्याच काळातील ॲटम प्रक्रियकाचे काही छोटे लॅपटॉप मात्र ३२ बिटांचे असू शकतात.

दुसरी पायरी जपणुकीची. सर्व कागदपत्रांची प्रत अन्यत्र काढल्याखेरीज डिस्कला हात लावू नये.

तिसरी पायरी चाचणीची. प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून, काहीही न बसविता, तेथूनच संगणक सुरू करता येतो. आवाज, जाळे, पडदा, मुद्रक हे सारे चालते का, ते दोन दिवस पाहावे आणि मगच ती कायम बसवावी.

चौथी पायरी शरीराच्या डागडुजीची. धूळ झाडावी, शक्य तर स्मृती वाढवावी, जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने पडतो. मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेलही बदलावा. तो संपला की, घड्याळ मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात. दोष मात्र प्रणालीला दिला जातो.

पाचवी पायरी जुळणीची. झेडरॅम ही सोय स्मृतीतील मजकूर दाबून साठविते व थोड्या जागेत अधिक काम करू देते. एक यंत्र मनासारखे सिद्ध झाले की, अँटिएक्समधील साधनाने त्याची प्रतिमा काढून तीच शेजारच्या दहा यंत्रांवर बसविता येते. शाळेला याचा मोठा उपयोग आहे.

मराठीचा विचार येथे प्रथमपासून व्हावा. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये उपलब्ध आहे आणि ‘लोहित देवनागरी’सारखे मुक्त टंकही आहेत. अडचण निराळीच असते. संस्थांचे वीस वर्षांचे इतिवृत्त युनिकोडपूर्व टंकांत अडकलेले असते. तो टंक नसला की तेथे निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. संगणक बदलण्याआधी हे दस्तऐवज युनिकोडमध्ये आणणे आवश्यक आहे. अन्यथा यंत्र वाचेल आणि स्मृती हरपेल.

मर्यादांचे भान

उत्साहाच्या भरात सत्याकडे पाठ फिरवू नये. ज्या ३८६ प्रक्रियकावर लिनक्सचा जन्म झाला, त्याचाच आधार २०१३ साली आलेल्या तिच्या ३.८ आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटी संगणकांसाठी स्वतंत्र गाभा आणि स्थापना-संच देणे थांबविले. डेबियन १२ ची दीर्घकालीन सेवा जून २०२८ पर्यंतच आहे. फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर ३२ बिटी लिनक्सची साथ सोडली. म्हणजे ६४ बिटी जुन्या यंत्राला बरेच आयुष्य आहे. ३२ बिटी यंत्राचे दिवस मोजके आहेत.

जडपणाचे मोठे कारण आता प्रणालीत नसून संकेतस्थळांतच आहे. अवघ्या ५० एमबीत मावणारी ‘डॅम स्मॉल लिनक्स’ २०२४ साली पुन्हा अवतरली, ती सीडीत बसेल एवढी, ७०० एमबीची होऊन. ज्या कार्यालयाचे हिशेब केवळ विंडोजवर चालणाऱ्या आज्ञावलीत आहेत, तेथे सर्वच यंत्रे बदलणेही योग्य नाही. आणि वीज भरमसाट खाणारे एखादे यंत्र खरोखरच निवृत्त करावयाचे असेल, तर एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जावे. गल्लीतील भंगारवाला तारा जाळून तांबे काढतो. त्याचा धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

यंत्रापेक्षा माणूस

हा मार्ग केवळ तज्ज्ञांचा नाही. केरळमधील शासकीय व अनुदानित शाळांनी ‘आयटी ॲट स्कूल’ या प्रकल्पातून मुक्त प्रणाली स्वीकारली व ती टिकविली. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर आधारलेली, भारतीय भाषांना सामावून घेणारी ‘बॉस’ प्रणाली २००७ पासून देशाला दिली. केरळचे यश सीडी वाटल्याने आले नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिल्याने आले. प्रणाली बसवून निघून जाणारा कार्यकर्ता आठवडाभराने अपयशी ठरतो. मुद्रक अडला की कोणाला विचारावयाचे, याचे उत्तर गावातच असावे लागते.

म्हणून प्रत्येक संस्थेने आरंभ एकाच यंत्रापासून करावा. दोन तरुण आणि एक शिक्षक यांनी ते स्वतः उघडावे, स्वच्छ करावे, प्रणाली बसवावी आणि घडलेली प्रत्येक गोष्ट मराठीत वहीत नोंदवावी. महिनाभर ते यंत्र नित्याच्या कामात टिकले, तर दुसरे हाती घ्यावे. नवा संगणक विकत घेणारा ग्राहक होतो. जुना संगणक स्वतः उभा करणारा त्याचा जाणकार होतो. ज्या वाडीतील मुलाला अद्याप कळफलकाला हात लावता आलेला नाही, त्याच्यासाठी कापडाखाली झाकलेले ते यंत्र आजही नवेच आहे.